बहिणीच्या साडीवर माझं नाक

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या साडीवर माझं नाक आहे. डोळे नाहीत, कान नाहीत, नुसतं नाक. आणि तेही पदरावर, खांद्यापासून वीतभर खाली, जिथे लग्नातल्या प्रत्येक पाहुण्याची नजर आधी जाते.

ते तिथे कसं गेलं हे सांगायचं तर माझा मूर्खपणा पहिल्यापासून सांगावा लागेल, आणि तो भरपूर आहे. तरी सांगतो. घरात आता तो सगळ्यांना तोंडपाठ झालाय, बाहेरच्यांनी तरी का वंचित राहावं!

मी मिलिंद. राहायला परळला, चाळीत. नोकरीही परळलाच, पण टॉवरमध्ये. माझे आजोबा ज्या गिरणीत साचे चालवायचे, तिच्या जागेवर आता काचेची इमारत आहे. तिच्या चौदाव्या मजल्यावर बसून मी बिस्किटांच्या पुड्यावर 'नवीन!' हा शब्द कुठे टाकायचा ते ठरवतो. (वर, डाव्या कोपऱ्यात. सहा वर्षं मी हेच ठरवतोय.) त्यामुळे माझ्यातला कलावंत फार घुसमटत होता, असं माझं मत होतं. दुसऱ्या कुणाचंही नव्हतं.

त्याच आवारात तळमजल्याला एक आर्ट गॅलरी आहे. पूर्वी तिथे कापसाच्या गाठी रचायचे. आता तिथे एक लाकडी खुर्ची छताला उलटी टांगून ठेवलीय आणि लोक तिच्यासमोर हाताची घडी घालून 'हं... हं...' करत उभे राहतात. मीही राहिलोय. पंधरा मिनिटं! तिथेच गॅलरीवाली मायरा भेटली. ही बाई चहा पितानाही 'प्रोसेस' हा शब्द दोनदा वापरते. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे. जुन्या गाजलेल्या कलाकृती पुन्हा करायच्या. पण त्याच पद्धतीनं आणि त्याच मूळ साहित्यातून. नकली काही चालणार नाही.

"मी करतो," मी म्हणालो. विचार नंतर केला.

मी निवडला तो अमेरिकेतला चित्रकार, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप घालून फिरणारा. त्यानं काय केलं, तर एका नटीचा फोटो घेतला, रेशमी जाळीतून रंग ढकलला आणि तोच चेहरा पुन्हा पुन्हा छापला. एकदा गुलाबी, एकदा पिवळा, एकदा हिरवा. सूपच्या डब्यांचीही चित्रं छापली. डबे! जाहिरातवाल्यांची रोजची छपाई त्यानं उचलून थेट म्युझियमच्या भिंतीवर चढवली आणि सगळं जग वेडं झालं. मी ठरवलं, चेहरा आपण स्वतःचाच छापायचा. परकी नटी आपली कोण लागते?

आता एक गोष्ट सांगतो, जी मी मायरापासून लपवली होती. माझे बाबा स्क्रीन प्रिंटर आहेत.

हो. लालबागला त्यांचा दहा बाय बाराचा गाळा आहे, आणि माझा जन्म व्हायच्या आधीपासून ते तिथे जाळीतून रंगच ढकलतायत. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, मंडळांचे टी-शर्ट, जयंतीचे बॅनर. पत्रिकेवर त्यांचं एक पिंपळपान ठरलेलं असतं. परळ-लालबागमधल्या निम्म्या बौद्ध लग्नांच्या पत्रिकांवर तेच पान आहे. "बाबा, किती वर्षं तेच ते पान! काहीतरी नवीन करा ना," असं मी त्यांना कॉलेजात असल्यापासून ऐकवत आलोय. तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा छापणाऱ्या अमेरिकनाला मात्र मी देव मानत होतो. ही विसंगती माझ्या लक्षात आली नाही. मी कलावंत होतो ना!

बाबांना कुणकुण लागली तेव्हा ते जेवता जेवता म्हणाले, "स्क्रीन करतोयस म्हणे? गाळ्यात चार फ्रेमा तयार आहेत. नायलॉनची जाळी आहे, ने एखादी."

"नायलॉन नाही चालणार बाबा. त्या काळी अस्सल रेशीम वापरायचे."

"अरे, रेशमापेक्षा नायलॉन बरं म्हणून तर सगळ्यांनी रेशीम सोडलं."

"तुम्हाला नाही कळायचं. हे कमर्शियल काम नाही."

"तो तर सूपचे डबे छापायचा म्हणालास."

"बाबा, ते वेगळं!"

"बरं," बाबा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. माझ्या बाबांचं 'बरं' फार वाईट असतं. त्याच्यानंतर ते काही बोलत नाहीत, आणि नंतर तेच खरं ठरतं.

शाई मी परदेशातून मागवली. तीन आठवड्यांनी डबा आला. बाबांनी तो हातात फिरवून बघितला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "तेलाची शाई. हीच आपल्या गाळ्याच्या मागे मिळते की." मी डबा त्यांच्या हातातून काढून घेतला.

राहता राहिलं रेशीम. आणि इथे माझ्या बहिणीची साडी या गोष्टीत शिरते.

प्रज्ञा माझ्याहून सात वर्षांनी लहान. परळच्याच एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा शीवचा, तारीख त्याच महिन्यातला शेवटचा रविवार. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. तर या पोरीनं ड्युटी संपल्यावर, सुजलेल्या पायांनी, हिंदमाताची एकूण एक दुकानं पालथी घातली होती. तिला पांढरी शुभ्र, पातळ, अस्सल रेशमाची ऑर्गेन्झा साडी हवी होती. जर नको, बुट्टी नको, काठ नको. "माझ्या साडीवर काही म्हणजे काही नको," हे ती इतक्या वेळा म्हणाली होती की शेजारच्या कमलमावशीही झोपेत म्हणत असतील. शेवटी तशी साडी तिला मिळाली. पण आणली तेव्हापासून तिनं ती कुणालाच दाखवली नाही. चाळीतल्या दहा बायका येणार, दहा हात लागणार, म्हणून एका जुन्या चादरीत गुंडाळून ती कुठेतरी ठेवून दिली होती.

मला यातलं काही माहीत नव्हतं असं नाही. चादरीचं सोडून सगळं माहीत होतं.

मी आईला म्हटलं, "आई, एखादी जुनी पांढरी साडी दे ना."

बौद्धांच्या घरात हे म्हणणं म्हणजे वाण्याकडे जाऊन 'थोडं मीठ द्या' म्हणण्यासारखं आहे. लग्नाला पांढरी, जयंतीला पांढरी, पौर्णिमेला वंदनेला जाताना पांढरी. आईच्या कपाटात रंगीत साडीच शोधावी लागते.

"वरच्या खणातली कुठलीही घे," आई भाकऱ्या थापता थापता म्हणाली. "खालच्या खणाला हात लावायचा नाही. आणि कापायची नाही हं! काम झालं की मला परत दे, पडद्याला अस्तर लावीन."

लग्नाच्या कामांसाठी म्हणून मी ऑफिसातून आठवडाभर रजा घेतली होती. (लग्नाचं एकही काम केलं नाही, हे ओघानं आलंच.) बुधवारी सकाळी मी वरचा खण उघडला. सहा साड्या. आता रेशीम अस्सल आहे की नाही ते ओळखायचं कसं? इंटरनेटवर मी वाचलं होतं: एक धागा ओढून जाळायचा. वितळून मणी झाला तर पॉलिस्टर. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम.

मी गॅसपाशी बसलो आणि एकेका साडीचा धागा जाळला. मणी. मणी. मणी. सहाच्या सहा मणी!

आता इथे शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप्प बसला असता, नाहीतर बाबांच्या गाळ्यातून नायलॉन आणलं असतं. मी खालचा खण उघडला. आत जुनी चादर, आणि चादरीत एक साडी. अशी पातळ, की खालून माझा तळहात दिसत होता. मी धागा ओढला, जाळला, आणि घरभर वास सुटला.

"कुणाचे केस जळले रे?" आई बाहेरून ओरडली.

"कुणाचे नाही गं!" मी आनंदानं ओरडलो.

मी मनाशी ठरवून टाकलं, ही आईची लग्नातली साडी असणार. म्हणून तर वेगळी ठेवलीय. आता आईच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली आणि साडीची दुकानातली घडीसुद्धा मोडलेली नव्हती, हे मला दिसत होतं. पण त्यावरही माझ्याकडे उत्तर होतं. मी स्वतःशीच, मोठ्यानं म्हणालो, "अस्सल रेशीम जुनं होत नाही!" आणि विचारायचं कशाला? विचारलं तर आई नाही म्हणेल. चित्र भिंतीवर लागलं की आईला आपोआप अभिमान वाटेल. हा विचार करायला मला पाच सेकंद लागली असतील.

गुरुवारी सकाळी प्रज्ञा ड्युटीवर गेली, बाबा गाळ्यावर जायच्या तयारीत होते, आणि मी मोरी ताब्यात घेतली. जाळीवर जो मसाला फासायचा, त्याला उजेड लागलेला चालत नाही. म्हणून मी मोरीला काळं प्लास्टिक लावलं, आत लाल बल्ब लावला आणि कडी घातली. नेमकी नळाला पाणी यायची वेळ!

"मिलिंद, पाणी जाईल रे! मला आंघोळ करायची आहे," बाबा दारावर थाप मारत म्हणाले.

"दार उघडलं तर सगळं फुकट जाईल बाबा! दहा मिनिटं!"

"मसाला फार जाड लावू नकोस," बाहेरून बाबांचा आवाज आला. "एक पातळ हात पुरे."

मी तीन हात लावले.

साडी मी कापली नाही, एवढं मात्र मी आईचं ऐकलं होतं. पदर लाकडी चौकटीवर आधीच ताणून स्टेपलच्या पिना ठोकल्या होत्या, आणि उरलेली साडेचार मीटर साडी गुंडाळून, कपडे वाळत घालायचे चिमटे लावून चौकटीला खाली लटकवली होती. मागे शेपूट घेऊन मी चाळीच्या गच्चीवर गेलो, माझ्या चेहऱ्याची फिल्म जाळीवर ठेवली आणि उन्हात धरली. खाली आलो, मोरीत जाळी धुतली. (बाबा तोपर्यंत बिनआंघोळीचे गाळ्यावर निघून गेले होते.) जाळीवर मी दिसायला लागलो! अंधुक, हिरवट, पण मीच. माझे डोळे भरून आले. त्या क्षणी अमेरिकेतला तो टोपवाला समोर असता तर मी त्याला टाळी दिली असती.

मग पुढच्या खोलीत जमिनीवर कॅनव्हास पसरला, जाळीवर भडक गुलाबी शाई ओतली आणि रबराच्या पट्टीनं जोर लावून ओढली. जाळी उचलली.

चेहरा आला नव्हता. तीन हात मसाल्यानं डोळे बुजले होते, तोंड बुजलं होतं, गाल गेले होते. आलं होतं ते नाक. आमच्या घराण्याचं ते नाक, मुळातच मोठं आणि डावीकडे वाकडं, तेवढं मात्र एकदम लख्ख! मी पुन्हा छापलं. नाक. आणखी एकदा. नाक. कॅनव्हासवर चार गुलाबी नाकं एका ओळीत, आणि मी गुडघ्यावर बसून स्वतःला सांगतोय की हेसुद्धा काहीतरी आहे, मायरा याला नक्की 'धाडसी' म्हणेल. या सगळ्या ओढाताणीत चिमटे सुटले होते, साडीचं शेपूट शाईतून फिरून आलं होतं, आणि ते मागे आतल्या खोलीपर्यंत पसरलं होतं, हे मला दिसलंच नाही.

तेवढ्यात प्रज्ञा घरी आली. ती मागच्या दारानं आतल्या खोलीत शिरली, बरोबर आई आणि कमलमावशी. मावशी चाळीतल्या सगळ्यांच्या साड्यांना फॉल लावतात.

"आई, खालच्या खणातली माझी साडी कुठे गेली?"

"खणातच असेल की."

"चादर आहे, साडी नाही."

मी हातात गुलाबी रबर घेऊन जागच्या जागी थिजलो. आतून पावलं ऐकू आली. मग थांबली. मग जमिनीवरचं ते शेपूट हळूच उचललं गेलं. माझी बहीण ती साडी हातात धरून, गुलाबी डागांवरून अंगठा फिरवत, साडेचार मीटर चालत माझ्यापर्यंत आली. टोकाला चौकट होती, आणि चौकटीत मी.

ओरडली असती तर बरं झालं असतं. प्रज्ञा ओरडण्यात पटाईत आहे, आख्खा वॉर्ड तिला घाबरतो. पण ती खाली बसली आणि म्हणाली, "दादा, एकदा विचारायचंस ना रे."

बस. एवढंच. मला इतकी लाज वाटली की मी गुलाबी हातांनीच तोंड झाकून घेतलं.

"अगं बाई!" कमलमावशी म्हणाल्या. "त्याचं नाक आलंय गं पदरावर!"

आईनं कमरेला पदर खोचला. "खालच्या खणाला हात लावू नकोस म्हटलं होतं की नाही? कान आहेत ना तुला? का तेही छापायला दिलेस?"

"आई, थांब, जाईल ते! ब्लीच टाकतो!" मी मोरीकडे धावलो, बाटली घेऊन आलो, झाकण काढलं. खरं सांगतो, सरळ पदरावर ओतणार होतो.

"हात मागे घे!"

दारात बाबा उभे होते. सकाळची राहिलेली आंघोळ करायला ते लालबागहून चालत, घामाघूम होऊन आले होते. "रेशमावर ब्लीच टाकतात का गाढवा? विरघळेल ते! भोकं पडतील!"

बाबा खाली बसले. साडी दोन बोटांत धरून चोळून बघितली, उजेडासमोर धरली, चौकटीवर टिचकी मारली.

"ताण चांगला दिलायस," ते म्हणाले. माझ्या कलाजीवनातलं आजवरचं हे एकमेव कौतुक. मग म्हणाले, "शाई तेलाची. टर्पेंटाइननं थोडी जाईल. गुलाबी सगळं नाही जाणार. मसाला तर आता सुटतच नाही, तीन हात लावलेत साहेबांनी."

"मी नवीन घेऊन देतो," मी म्हणालो. "आत्ता जातो हिंदमाताला."

"नको," प्रज्ञा म्हणाली. "मला हीच पाहिजे. ही मी शोधली होती."

बाबांनी पिना एकेक करून काढल्या, साडी गुंडाळली आणि तिला म्हणाले, "बाळा, तुला साडीवर काही नको होतं, माहितीये मला. पण आता डाग झाकायचे तर वर काहीतरी छापावं लागेल. गडद. माझ्याकडे एक पान आहे."

मी ओळखलं. तेच पान! ज्याला मी इतकी वर्षं नावं ठेवली, ते लग्नपत्रिकेवरचं पिंपळपान.

प्रज्ञानं विचार केला. "निळं?"

"निळंच."

"बारीक असेल तर चालेल. पदरावर थोडं मोठं."

"आणि हा?" आईनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा फ्रेम उचलेल," बाबा म्हणाले.

शुक्रवारी सकाळी गाळ्याच्या लांब टेबलावर साडी पसरली. बाबांनी नायलॉनच्या जाळीवर मसाल्याचा एक पातळ हात फिरवला (एकच!), पान उतरवलं, कापडावर चालणारी निळी शाई घेतली. मग दिवसभर मी दोनच शब्द ऐकले.

"ठेव." रबर एकदा फिरला. "उचल."

"ठेव." "उचल."

"अरे, सरळ उचल! घासत नाही उचलायची! ठेव."

बाबा एका गुलाबी डागावर पान ठेवायचे आणि मग त्याच्या आजूबाजूला चार पानं अशी टाकायचे, की कुणाला वाटावं ही रचना पहिल्यापासूनच ठरलेली होती. एकही पान सांडलं नाही, फुटलं नाही, हललं नाही. पाचशे पानांसाठी तरी मी फ्रेम उचलली असेल. प्रत्येक पानाला माझा एकेक टोमणा आठवत होता. 'तेच ते पान.' 'हे काय, कमर्शियल.' 'तुम्हाला नाही कळायचं.' माणूस इतका बेअक्कल असूनही घरचे त्याला जेवायला कसे घालतात, याचंच मला नवल वाटलं.

दुपारी मायरा आली. माझी 'प्रोसेस' बघायला मीच तिला बोलावलं होतं, आणि नको सांगायचं विसरलो होतो. ती गाळ्याच्या दारात उभी राहिली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "ओ माय गॉड. मिलिंद, हे तू केलंस?"

"नाही," मी म्हणालो. "मी उचलतोय."

"हे मला गॅलरीत पाहिजे! छताला टांगून!"

प्रज्ञा एका स्टुलावर बसून डबा खात होती. घास गिळून ती म्हणाली, "ती साडी आहे. परवा मी नेसणार आहे. टांगायला तुमच्याकडे खुर्ची आहे म्हणे."

मायरा बाबांकडे वळली. "अंकल, हे सगळं तुम्ही मिलिंदला कधी शिकवलं नाहीत?"

बाबांनी रबर पुसला. "त्याला इंटरनेटवरून शिकायचं होतं," ते म्हणाले. "ठेव."

मी ठेवली.

संध्याकाळी शेवटी पदर उरला. टर्पेंटाइननं घासून घासून गुलाबी रंग फिका झाला होता, पण नाक काही हटलं नव्हतं. बाबांनी त्याच्या भोवतीनं मोठी पानं टाकली आणि शेवटचं पान बरोबर नाकावर धरलं.

"थांबा बाबा," प्रज्ञा म्हणाली. "ते राहू द्या."

"काय? नाक?"

"हो. असू दे. याला दर वेळी दिसलं पाहिजे."

आणि माझ्याकडे बघून ती हसली. गुरुवारपासून पहिल्यांदा. मी फ्रेम धरून उभा होतो, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि बाबा ओरडले, "साडीवर नाही! मागे हो, मागे!"

प्रदर्शनातून माझं नाव गेलं. माझ्या जागी मायरानं आणखी एक खुर्ची टांगली. मी बघून आलो, पहिलीपेक्षा बरी आहे.

रविवारी दादरच्या हॉलमध्ये प्रज्ञा ती साडी नेसून उभी राहिली. पांढऱ्यावर निळी पानं. पाहुण्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसून दाखवायला लागल्या. त्यातून माझ्या तीन हात मसाल्यानं पदर असा कडक झाला होता, की पिन न लावता दिवसभर एक चुणी हलली नाही. (पदर कसा बसवलाय, हे चार जणींनी आईला विचारलं. आईनं माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, "घरचा उपाय आहे.") पंचशील झालं, हार झाले, टाळ्या झाल्या. शीवच्या चौघींनी जेवणाच्या आधीच बाबांना अशा साड्यांची ऑर्डर दिली. मी वरण वाढत होतो आणि मला वाटत होतं, झालं, निभावलं, कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या आत्या बाबांजवळ येऊन बसल्या. जाड भिंगांचा चष्मा, बारीक नजर.

"जयभीम भाऊ. पानं एकच नंबर काढलीत हं! काय हात आहे तुमचा!" मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण पदरावर ती एक कोयरी आहे ना, फिक्कट गुलाबी? ती जरा वाकडी आलीय."

मी वरणाची बादली घेऊन तिथेच उभा राहिलो. बाबांनी वर बघितलं, माझ्या नाकाकडे सावकाश बघितलं, आणि आत्यांना म्हणाले, "ती मी नाही हो काढली. आमच्या मुलानं काढलीय. शिकतोय अजून."

"असू दे, असू दे," आत्या माझ्या हातावर थोपटत म्हणाल्या. "येईल हळूहळू. वय काय रे बाळा तुझं?"

"छत्तीस," मी म्हणालो, आणि त्यांना वरण वाढलं.